डिस्काउंट ब्रोकर निवडताना 20 रुपयांकडे शेवटी बघा

प्रश्न असा आहे: हाताशी तीन लाख रुपये आहेत. दीड लाखाचे शेअर घेऊन ठेवायचे, उरलेल्या पैशांत निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणारे करार, करायचे. झिरोधा, ग्रो, एंजल वन, धन, या सगळ्या डिस्काउंट (कमी दलालीच्या) ब्रोकरांकडे ऑप्शनची ब्रोकरेज, म्हणजे दलाली, 20 रुपयेच दिसते. मग खातं कुणाकडे उघडायचं?

उत्तर आधी देतो. या दोन कामांसाठी मुख्य खातं डिलिव्हरीवर (शेअर घेऊन ठेवण्यावर) ब्रोकरेज न घेणाऱ्याकडे उघडा, म्हणजे झिरोधा किंवा धन. सोबत दुसऱ्या ब्रोकरकडे, जिथे डिमॅटचं (शेअर ठेवायच्या खात्याचं) वार्षिक शुल्क नाही, असं एक छोटं खातं चालू ठेवा. पण यामागचा हिशेब समजून घ्या. दरपत्रकं बदलत राहतात आणि तुमची ट्रेडिंगची पद्धतही बदलेल. तेव्हा उत्तर पुन्हा तुम्हालाच काढावं लागेल.

सुरुवात त्या 20 रुपयांपासून. हे 20 रुपये एका पूर्ण झालेल्या ऑर्डरचे असतात. लॉट (ऑप्शनच्या युनिटांचा ठरलेला गठ्ठा) एक असो वा दहा, आकडा तोच. एकच ऑर्डर पाच तुकड्यांत भरली गेली तरी 20 रुपयेच. रद्द केलेल्या किंवा न भरलेल्या ऑर्डरला काही लागत नाही. मात्र एक्स्चेंजने (शेअर बाजाराने) एका ऑर्डरसाठी कमाल संख्या ठरवलेली असते. निफ्टीत ती 1800 युनिट असताना आणि लॉट 75 चा असताना 24 लॉटपर्यंत एक ऑर्डर पुरायची. 30 लॉट टाकले की ॲप त्याच्या दोन ऑर्डर करायचं आणि ब्रोकरेज 40 रुपये लागायची. आइसबर्ग ऑर्डरचंही (मोठी ऑर्डर तुकड्यांत पाठवण्याचंही) तसंच, प्रत्येक तुकड्याची ब्रोकरेज वेगळी.

आता पूर्ण खर्च मांडू. यासाठी 2025 मधले दर धरतो: निफ्टीचा लॉट 75, ऑप्शन विकताना प्रीमियमवर (ऑप्शनच्या किमतीवर) एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारांवरचा कर, 0.1 टक्के, एनएसई या एक्स्चेंजचं व्यवहार शुल्क दोन्ही बाजूंना 0.03503 टक्के, खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.003 टक्के, बाजाराची नियामक संस्था सेबी हिचं शुल्क कोटीला 10 रुपये, आणि ब्रोकरेज व ही शुल्कं मिळून त्यावर 18 टक्के जीएसटी. (एसटीटी आणि मुद्रांक शुल्कावर जीएसटी लागत नाही.) जानेवारी 2026 पासून निफ्टीचा लॉट 65 झाला. लॉट किंवा दर बदलला की आकडे बदला, मांडणी हीच राहते.

एक लॉट 100 रुपयांना घेतला, 104 ला विकला. ढोबळ नफा 300 रुपये. खर्चात ब्रोकरेज 40, एसटीटी 7.80, व्यवहार शुल्क 5.36, जीएसटी 8.17 आणि मुद्रांक शुल्क साधारण 23 पैसे. एकूण जवळपास 62 रुपये. म्हणजे भाव 82 पैसे वर गेल्याशिवाय तुमच्या खिशात रुपयाही येत नाही. याच भावाने दहा लॉट केले तर ब्रोकरेज 40 च राहते, पण एसटीटी 78, व्यवहार शुल्क 53.60, जीएसटी 16.87, मुद्रांक शुल्क 2.25. एकूण सुमारे 191 रुपये, एका युनिटला 25 पैसे.

या दोन हिशेबांतला फरक नीट बघा. एका लॉटच्या खर्चात ब्रोकरेज आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून तीन चतुर्थांशाहून जास्त भरतो. दहा लॉटमध्ये तोच वाटा चौथ्या हिश्श्यावर येतो आणि बाकीचं सगळं सरकार आणि एक्स्चेंजकडे जातं. तो भाग कुठल्याही ब्रोकरकडे सारखाच असतो. म्हणून एक-एक लॉट करणाऱ्याला 20 ऐवजी 10 किंवा 15 रुपये घेणारा ब्रोकर खरोखर उपयोगी पडतो. दहा-वीस लॉट करणाऱ्याने त्या फरकामागे धावू नये. त्याने बोली आणि मागणीतलं, म्हणजे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातलं, अंतर सांभाळावं. 750 युनिटवर हव्या भावाहून 10 पैसे वाईट भाव मिळाला तरी 75 रुपये गेले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ब्रोकरेजहून जास्त.

आयर्न कॉन्डॉरसारखी चार पायांची, म्हणजे चार वेगवेगळे ऑप्शन एकत्र घेण्या-विकण्याची, रचना करणार असाल तर आत जाताना चार आणि बाहेर येताना चार अशा आठ ऑर्डर होतात. नुसती ब्रोकरेज 160, जीएसटी धरून जवळपास 189 रुपये. एका लॉटवर 1000-1200 रुपये मिळवण्यासाठी ही रचना करणारा सुरुवातीलाच त्याचा पाचवा-सहावा हिस्सा देऊन बसतो. मध्येच एक पाय हलवला तर आणखी दोन ऑर्डर. लहान भांडवलावर अशा रचना वारंवार हलवू नयेत, याचं पहिलं कारण हेच.

डिलिव्हरीत मात्र ब्रोकरांमध्ये खरा फरक आहे, आणि तो 1 ऑक्टोबर 2024 नंतर वाढला. त्याआधी एक्स्चेंज मोठ्या उलाढालीच्या ब्रोकरला व्यवहार शुल्क कमी लावायचं, ब्रोकर ग्राहकाकडून वरच्या दराने घ्यायचा आणि मधला फरक त्याचा. सेबीने जुलै 2024 मध्ये परिपत्रक काढून ही वर्गवारी बंद केली आणि सगळ्यांना एकच दर केला. मोफत डिलिव्हरीचा खर्च ज्या उत्पन्नातून निघायचा त्यातला मोठा भाग गेला. एंजल वनने नोव्हेंबर 2024 पासून डिलिव्हरीवर 20 रुपये किंवा 0.1 टक्का, यातलं जे कमी ते, लावायला सुरुवात केली. ग्रोकडे डिलिव्हरीला असाच 20 किंवा 0.1 टक्क्याचा दर आहे आणि जून 2025 पासून किमान 5 रुपये आहेत. झिरोधा आणि धनने डिलिव्हरीची ब्रोकरेज शून्यच ठेवली.

किमान 5 रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण दर महिन्याला हजार-हजार रुपयांचे पाच शेअर घेणाऱ्याला प्रत्येक खरेदीवर जीएसटीसह 5.90 रुपये, म्हणजे 0.59 टक्के लागतात. हे म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजनेतल्या कित्येक इंडेक्स फंडांच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा जास्त आहे. एकदम 50,000 चा शेअर घेणाऱ्याला 20 रुपये म्हणजे काहीच नाही. तुम्ही थोडं-थोडं घेणार असाल तर शून्य ब्रोकरेजला महत्त्व आहे, एरवी नाही.

विकताना डीपी शुल्क, म्हणजे डिमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क, लागतं, आणि ब्रोकरेज कॅल्क्युलेटरमध्ये ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. झिरोधाकडे ते जीएसटीसह 15.34 रुपये आहे. हे शुल्क एका कंपनीला एका दिवसाचं असतं, शेअर कितीही असोत. एकाच दिवशी एकाच कंपनीचे शेअर तीन ऑर्डरींत विकले तर एकदाच लागतं. तेच तीन वेगवेगळ्या दिवशी विकले तर तीनदा. 300 रुपयांचा एखादा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) विकला तर पाच टक्के इथेच गेले. त्यामुळे थोडं-थोडं घ्या हवं तर, पण विकताना एका दिवशी विका.

वार्षिक शुल्काचं गणित दुसऱ्या खात्यामुळे बिघडू शकतं, तेही आधीच सांगतो. सप्टेंबर 2024 पासून मूलभूत सेवा डिमॅट खात्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक शुल्क शून्य आणि चार ते दहा लाखांपर्यंत 100 रुपये आहे. पण ही सवलत तुमच्या पॅनवर पहिला धारक म्हणून एकच डिमॅट असेल तरच मिळते. दुसरं उघडलं की पहिलं साधं खातं होतं. झिरोधाकडे साध्या खात्याचे वर्षाला 300 रुपये अधिक जीएसटी लागतात. ग्रो आणि धन वार्षिक शुल्क घेत नाहीत. म्हणजे दुसऱ्या खात्याची खरी किंमत वर्षाला साडेतीनशेच्या आसपास. ऑप्शन विकणार असाल तर ॲप बंद पडल्यावर उपयोगी पडणारा हा विमा स्वस्त आहे. नुसते शेअर ठेवणार असाल तर दुसऱ्या खात्याची गरजच नाही.

मार्जिनचा, म्हणजे ऑप्शन विकताना तारण ठेवायच्या रकमेचा, भाग जास्त सावकाश वाचा, कारण तीन लाखांत ऑप्शन विकणाऱ्याचे हाल इथेच होतात. मार्जिनची किमान रक्कम एक्स्चेंज ठरवतं. ब्रोकर त्याहून जास्त मागू शकतो, कमी नाही. "आमच्याकडे जास्त लिव्हरेज" (थोड्या पैशांत मोठा व्यवहार) असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. सप्टेंबर 2021 पासून पीक मार्जिनचे नियम पूर्ण लागू आहेत आणि दिवसभरातल्या कुठल्याही क्षणी मार्जिन पूर्ण लागतं. निफ्टी 24,500 असताना 75 च्या एका लॉटची किंमत 18 लाख 37 हजारांच्या वर जाते. उघडा, म्हणजे संरक्षणाचा दुसरा ऑप्शन नसलेला, कॉल (खरेदीचा हक्क) किंवा पुट (विक्रीचा हक्क) विकायला साधारण दोन लाख लागतात, अस्थिरता वाढली की जास्त. नोव्हेंबर 2024 पासून एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लागतं. वरच्या लॉटवर ते सुमारे 36,750 रुपये होतं. ही रक्कम खात्यात मोकळी नसेल तर ब्रोकर पोझिशन (चालू व्यवहार) कापू शकतो, आणि ते कापणं तुमच्या सोयीच्या भावाला होत नाही. वर ब्रोकरने केलेल्या स्क्वेअर-ऑफचं वेगळं शुल्क, झिरोधाकडे 50 रुपये अधिक जीएसटी.

स्प्रेड, म्हणजे एक ऑप्शन विकून संरक्षणाला दुसरा घेणं, करताना क्रम पाळा. आत जाताना संरक्षणाचा ऑप्शन आधी विकत घ्या, मग दुसरा विका. बाहेर पडताना विकलेला आधी परत घ्या, मग संरक्षण काढा. उलटं केलं तर मधल्या काही सेकंदांसाठी पूर्ण उघड्या पोझिशनचं मार्जिन मागितलं जातं आणि ऑर्डर नाकारली जाते किंवा मार्जिन कमी पडतं. ब्रोकर बघताना म्हणूनच बास्केट ऑर्डरची (सगळे पाय एकत्र पाठवण्याची) सोय तपासा: ती लागणारं मार्जिन आणि सगळे पाय भरल्यावर उरणारं मार्जिन असे दोन आकडे वेगळे दाखवते का? आणि पायांचा क्रम तुम्हाला ठरवता येतो का? आणखी एक बघा. संरक्षणासाठी तुम्ही जे दूरचे स्ट्राइक (करारातले ठरलेले भाव) घेता, ते त्या ब्रोकरकडे विकत घ्यायला खुले आहेत का? ओपन इंटरेस्टच्या (उघड्या असलेल्या करारांच्या) मर्यादेमुळे ब्रोकर काही स्ट्राइक बंद ठेवू शकतात, आणि हे खातं उघडल्यावर कळून उपयोग नसतो.

दीड लाखाचे शेअर गहाण ठेवून त्यावर मार्जिन घ्यायचा विचार असेल, तर तो चालतो, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हेअरकट, म्हणजे शेअरच्या बाजारभावातला ठरावीक हिस्सा, कापूनच मूल्य मिळतं. दुसरी, हे मार्जिन ऑप्शन विकायला आणि फ्युचरला (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांना) चालतं. ऑप्शन विकत घेण्याचा प्रीमियम आणि रोजचा तोटा रोखीनेच भरावा लागतो. तिसरी, रात्रभर ठेवलेल्या पोझिशनच्या मार्जिनपैकी निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान, म्हणजे लिक्विड ईटीएफसारख्या गोष्टींत हवा. समजा दोन लाखांचं मार्जिन आहे, गहाणातून पुरेसं मूल्य मिळालंय, पण रोख 20,000 च आहे. मग 80,000 ची तूट धरली जाते. दिवसाला 0.035 टक्के दराने रोज 28 रुपये व्याज लागतं, 30 दिवसांत 840 रुपये. म्हणजे 42 ऑर्डरींची ब्रोकरेज, आणि जाहिरातीत या व्याजाचा उल्लेख नाही. ब्रोकरांची तुलना करताना हा व्याजदर, गहाण ठेवण्याचं प्रत्येक शेअरमागचं शुल्क (झिरोधाकडे 30 रुपये अधिक जीएसटी) आणि गहाणासाठी कोणते शेअर स्वीकारले जातात, हे तिन्ही एका कागदावर लिहून काढा. लिक्विड ईटीएफ गहाण ठेवला तर रोखीची अट बरीचशी तिथेच सुटते.

स्टॉपलॉसबद्दल, म्हणजे तोटा थांबवायला आधीच लावलेल्या ऑर्डरबद्दल, एक गैरसमज अजून आढळतो. एनएसईने सप्टेंबर 2021 पासून ऑप्शनमध्ये बाजारभावाचा स्टॉपलॉस, म्हणजे एसएल-एम, बंद केला आहे. आता ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर बाजारात जाते) आणि मर्यादा (ज्याहून वाईट भाव नको) असे दोन भाव द्यावे लागतात. विकलेला ऑप्शन 100 चा असेल आणि ट्रिगर 130, मर्यादा 131 ठेवली, तर भाव 129 वरून थेट 136 ला उडाला की ऑर्डर बाजारात जाते पण भरत नाही. ती तशीच लटकते आणि तोटा वाढत जातो. एक्स्पायरीच्या दुपारी हे घडायला एक मिनिट पुरतं. अंतर मोकळं ठेवा, 130 ला ट्रिगर तर मर्यादा 140-145. बाजारात त्याहून चांगला भाव असेल तर ऑर्डर चांगल्याच भावाला भरते, म्हणून मोठ्या अंतराचं भय बाळगायचं कारण नाही.

ॲप बंद पडण्याचा धोका प्रत्येक ब्रोकरकडे आहे. त्या वेळेसाठीच दुसरं खातं. पहिल्याकडे 24,500 चा कॉल विकलेला आहे आणि लॉगिन होत नाही, तर दुसऱ्याकडे त्याच एक्स्पायरीचा तोच 24,500 चा कॉल तेवढ्याच संख्येने विकत घ्या. फक्त प्रीमियमचे पैसे लागतात आणि त्या क्षणापासून तोटा गोठतो, कारण एकीकडे जाईल तेवढं दुसरीकडे मिळतं. दोन्ही खात्यांचं मार्जिन एकमेकांत वळतं होत नाही हे खरं, पण तोटा थांबवणं हाच तिथे उद्देश. दुसऱ्या खात्यात दहा-पंधरा हजार आणि चालू असलेली एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शन) परवानगी ठेवा. ब्रोकरेज वाचवायला कमी खर्चाचं म्हणून उघडलेल्या खात्यात ही परवानगी राहून जाते आणि नेमक्या वेळी उपयोग होत नाही. ब्रोकरची मुख्य आणि पर्यायी दोन्ही व्यवस्था कोलमडल्या तर एक्स्चेंजांनी 2023 मध्ये सुरू केलेली आयआरआरए ही सोय आहे. तिची लिंक एसएमएस-ईमेलवर येते, तिथून फक्त पोझिशन बंद करता येतात आणि ऑर्डर रद्द करता येतात. म्हणून नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल चालू ठेवा.

कंपन्यांच्या शेअरवरचे ऑप्शन करणार असाल तर वेगळी काळजी घ्या. ऑक्टोबर 2019 पासून ते सगळे प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात. 6,000 रुपये देऊन घेतलेला कॉल एक्स्पायरीला नफ्यात राहिला, तर पाच-सहा लाखांचे शेअर घ्यावे लागतात, त्यावर डिलिव्हरीचा एसटीटी लागतो. एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढवलं जातं: 10, 25, 45, 70 टक्के. कुठला ब्रोकर कधी पोझिशन कापतो आणि अशा डिलिव्हरीवर टक्केवारीने ब्रोकरेज लावतो का, हे त्याच्या धोरणात शोधा. एरवी 20 रुपये घेणारा इथे टक्क्यांत घेऊ शकतो. तीन लाखांच्या भांडवलावर एक्स्पायरीच्या आठवड्यात शेअरचे ऑप्शन हातात ठेवूच नका.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. 2019 मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण ठेवल्याचं सेबीच्या आदेशातून समोर आलं. त्यानंतर नियम बदलले. सप्टेंबर 2020 पासून गहाण ठेवलेले शेअर तुमच्याच डिमॅटमध्ये खूण होऊन राहतात. जुन्या मुखत्यारपत्राची जागा मर्यादित अधिकारांच्या डीडीपीआय या संमतीपत्राने घेतली. तरी दर महिन्याला ब्रोकरच्या ॲपवर नाही, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या लॉगिनवर शेअर मोजा.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं बरंच लागू होत नाही. अनिवासी भारतीयांना शेअरमध्ये इंट्राडे करता येत नाही, एफ अँड ओसाठी 2025 पर्यंत कस्टोडियनचा (मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेचा) कोड लागायचा आणि ब्रोकरेजचं दरपत्रक वेगळं असतं. तिथे 20 रुपये शोधत बसू नका.

आणि हे सांगितल्याशिवाय उत्तर अपुरं राहील. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचं दिसलं. एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. 2024 च्या आर्थिक वर्षात व्यवहारखर्चच माणशी सरासरी 26,000 रुपये झाला. तुमच्या दीड लाखावर तो 17 टक्के होतो. ऑर्डरची संख्या निम्मी केली तर जेवढं वाचतं, तेवढं कुठलाही स्वस्त ब्रोकर वाचवून देणार नाही. म्हणून पहिले तीन महिने एका लॉटचे, कमाल तोटा ठरलेले स्प्रेडच करा, आठवड्याला एकच.

मग प्रत्यक्ष तुलना करा. महिनाभरातल्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकर पाठवतो ती व्यवहारांची बिलं) काढा. पूर्ण झालेल्या ऑर्डर किती, डिलिव्हरीची खरेदी किती आणि सरासरी किती रुपयांची, विक्रीचे दिवस किती, गहाण किती वेळा, रोखीची तूट किती दिवस, ब्रोकरने किती वेळा पोझिशन कापली, असे सहा आकडे लिहा. प्रत्येक ब्रोकरच्या दरपत्रकातून त्यांची किंमत लावा. ब्रोकर बदलायचाच ठरला तर शेअर विकू नका, विकले तर भांडवली नफ्याचा कर लागेल. नव्या खात्याची क्लायंट मास्टर रिपोर्ट (खात्याच्या तपशिलाची प्रत) डाउनलोड करा, गहाण असलेले शेअर आधी मोकळे करून घ्या आणि खातं बंद करण्याच्या अर्जासोबत ती जोडून सगळे शेअर एकदम नव्या डिमॅटमध्ये हलवा. नाव आणि पॅन दोन्हीकडे तंतोतंत जुळत असतील तर अशा हस्तांतरावर शुल्क लागत नाही. हलवण्याआधी जुन्या खात्यातून खरेदीच्या तारखा आणि भावांसह व्यवहारांचा पूर्ण अहवाल उतरवून ठेवा. नव्या ब्रोकरला खरेदीभाव माहीत नसतो, आणि जुनं लॉगिन बंद झाल्यावर विवरणपत्र भरताना तो शोधणं फार अवघड जातं.